खंडेनवमीची तिसरी फ्लॉपी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमचं साप्ताहिक नगरमधून निघत असे. पुढे संपादकीय टेबलं, मागे छपाईचं मशीन आणि मधे पडदा लावलेली संगणकाची खोली. एका नवरात्रात त्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. नवी दसऱ्यानंतर मिळणार होती, आणि दसऱ्याचा अंक दसऱ्यालाच निघायला हवा होता.

संपादकांनी मजकूर जुळणीसाठी पुण्याला पाठवायचं ठरवलं. एकदा पुण्याला गेलेली जुळणी परत येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. सर्वांत जास्त आमच्या ऑपरेटर बाईंना. केडगावहून सायकलवर येणाऱ्या या बाईंचं कामच त्याबरोबर जाणार होतं.

"नवमीपर्यंत थांबा. पानं इथंच लावून देते. नाही जमलं तर खुशाल पाठवा," त्या म्हणाल्या. संपादकांनी मान्य केलं आणि मजकुराचा गठ्ठा तरीही बांधून ठेवला.

बाईंकडे संगणकाच्या एका मासिकाबरोबर आलेली सीडी होती. ती घालून संगणक सुरू केला की तो हार्ड डिस्कशिवाय चाले. पानं लावायची सोय तिच्यात होती, मराठी अक्षरं नव्हती. ती अक्षरं, म्हणजे फॉन्ट, बाईंच्या भावाने पुण्याहून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली, तीन फ्लॉप्यांवर. सीडीवर नवं काही लिहिता येत नसे, म्हणून फ्लॉप्यांतला माल संगणकाच्या मेमरीत उतरवायचा. संगणक बंद केला की तो पुसला जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"म्हंजे आमच्या थोरल्या जावयासारखं हाय," फोरमन म्हणाले. "रोज नव्यानं वळख सांगायची."

फोरमन कर्जतकडचे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून मशीन चालवण्यापर्यंत सगळं केलेले. सगळे त्यांना मामा म्हणत.

"मामा, ही पेटी रिकामी आहे असं समजा," बाईंनी त्यांना समजावलं. "सगळा जीव या तीन फ्लॉप्यांत."

मामांनी ते नीट ऐकून घेतलं.

नवमीला सकाळी बाईंनी अक्षरं चढवली. दुपारपर्यंत शेवटचं पान सोडून सगळी पानं लावून छापून झाली, मजकूर वेगळ्या फ्लॉपीवर ठेवला, आणि त्या डबा खायला गेल्या. छापखान्यात खंडेनवमीची तयारी चालू होती. मशीन धुऊनपुसून झालं होतं. पूजा झालेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत चालवायचं नाही, हा तिथला जुना रिवाज.

दरवर्षी मामा संगणकाच्या पडद्याला कुंकू लावत. त्या वर्षी त्यांनी रिकाम्या पेटीचं बटण बंद केलं आणि जीव असलेल्या तीन फ्लॉप्या पाटावर मांडल्या. हळद, कुंकू, झेंडूचं एकेक फूल.

बाई परत आल्या आणि पाटासमोर उभ्या राहिल्या. "मामा, या फ्लॉपीची झडप कुणी उघडली?"

"मीच. देवाला झाकून गंध लावत्यात व्हय?"

दोन फ्लॉप्यांचं कुंकू वरच्या प्लास्टिकवर होतं; त्या पुसून चालल्या. तिसरीचं ओलं गंध पत्र्याच्या झडपेखाली थेट काळ्या चकतीवर गेलं होतं. ड्राइव्हने ती घेतली, करकर वाजली आणि पडद्यावर चूक झाल्याची सूचना आली. संपादक गठ्ठा काखेत धरून दारात आले. पुण्याची गाडी लागायची वेळ होत होती.

"तुमच्या भावाला फोन?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या होस्टेलला फोन नाही," बाई म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "खिळे उचलायचा चिमटा आहे का अजून?"

मामांनी तो पाटावरून उचलून दिला. त्याचीही पूजा झालेली होती. बाईंनी कोऱ्या फ्लॉपीचं कवच सोललं, तिसरीचंही सोललं. काळी चकती मामांनी चिमट्यात धरली आणि बाईंनी खाली वाटी ठेवून तिच्यावर स्वच्छ पाण्याची धार सोडली. पाणी गुलाबी झालं. चकती पंख्याखाली वाळली आणि कोऱ्या कवचात बसली.

"पण मामा, पूजा झालेलं हत्यार दसऱ्याआधी चालवायचं नाही ना?" संपादकांनी विचारलं. त्यांना उत्तर हवं होतं की गाडी, ते कळत नव्हतं.

मामांनी चकती धुतलेल्या वाटीकडे पाहिलं. "पूजा धुऊन निघाली की. आता ते नुसतं पलाष्टिक. चालवा."

ड्राइव्ह पुन्हा करकरला, थांबला, आणि मग एकसारखा चालू लागला. अक्षरं चढली. बाईंनी शेवटचं पान लावून छपाईसाठी बटर पेपरवर प्रिंट काढली आणि ती संपादकांच्या हातात दिली. ती घ्यायला त्यांना गठ्ठा खाली ठेवावा लागला.

दसऱ्याच्या सकाळी मशीन चाललं. पहिली प्रत मामांनी बाईंना दिली, वर आपट्याचं पान ठेवून.

"घ्या ताई, सोनं. त्या फ्लॉपीच्या डबीत मात्र घालू नगा."

"तुम्ही नाही घातलं म्हणजे झालं," बाई म्हणाल्या, आणि सीडी घालून पुढच्या अंकासाठी पहिली फ्लॉपी हातात घेतली.