अण्णांची भुतांची वही

पंख्याच्या पात्यांवर धूळ कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. पंखा रोज गरगर फिरतो, तरी ती साठतेच. किस्स्यांचंही तसंच असतं. एका जागी दर शनिवारी चार माणसं बसायला लागली की वर्षभरात बोटभर थर जमतो. मी तर बोलणाऱ्यांतली नव्हेच. पण न बोलणाऱ्यांकडे किस्से जास्त साठतात, कारण ते वाटून टाकत नाहीत.

आमची जागा म्हणजे या कानडी शहराच्या चामराजपेट भागातलं शिवाअण्णांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान. अण्णा मूळचे निपाणीचे. मराठी फर्डं, पण अधूनमधून कन्नडचे खडे लागतात. जुने डिजिटल कॅमेरे पुन्हा फॅशनमध्ये आले आणि ते कसे चालवायचे हे कोणालाच आठवेना, म्हणून अण्णांनी शनिवारी दुपारी क्लास सुरू केला. क्लास म्हणजे चार स्टुलं, एक टेबल आणि एक नियम.

नियम असा, की कॅमेऱ्याला काय झालंय ते आधी सगळ्यांसमोर सांगायचं. बाकीच्यांनी कारण ओळखायचं. मगच अण्णा स्क्रू-ड्रायव्हर उचलणार! मग ते सगळं एका लांबट वहीत जातं. वहीत दोन रकाने, ‘काय झालं’ आणि ‘का झालं’. आम्ही तिला भुतांची वही म्हणतो, कारण निम्मे लोक कॅमेऱ्यात भूत शिरलंय असंच सांगत येतात.

“भूत म्हंजे काय अक्का, सेटिंग हाय,” अण्णा मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “मेनूत जाऊन बंद करायचं.”

माझ्या पिशवीत तेव्हा सासूबाईंचा कॅमेरा होता. मी त्यांना कधी पाहिलं नाही. आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. घरातले सगळे फोटो त्यांनी काढलेले, त्यामुळे त्या एकाही फोटोत नाहीत! लग्नात पाटावर हार घालून जो फोटो ठेवला, तो त्यांच्या आधार कार्डावरचा, मोठा केलेला. आधार कार्डावर माणूस कसा दिसतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तोच आमच्या हॉलमध्ये लागला. माझा नवरा सौरभ त्याच्याकडे न बघता ये-जा करायचा.

मला त्यांचा एक फोटो हवा होता. एकच. माणसासारखा.

*

प्राजक्ता नागपूरची, बेळ्ळंदूरला आमच्याच सोसायटीत राहते. तिचा किस्सा वहीत पहिल्या पानावर आहे.

तिचा कॅमेरा चेहरा दिसला की त्याभोवती पिवळा चौकोन काढायचा. एकदा तिनं रिकाम्या सोफ्यावर कॅमेरा धरला, आणि चौकोन आला! सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या उंचीवर. कॅमेरा हलवला तरी चौकोन तिथंच. नवऱ्याला तिथे बसवलं, तर दोन चौकोन. एक त्याच्यावर आणि एक त्याच्या खांद्याशी.

“मग काय केलं?” मी विचारलं. त्या महिन्यातलं माझं ते एकमेव वाक्य होतं.

“फ्लॅट बदलला ना! दुसरं काय करणार होती मी?”

अण्णांनी फोटो मोठा केला. सोफ्यावर एक कुशन होतं. त्याला दोन काळी बटणं आणि खाली एक आडवी घडी. झाले दोन डोळे आणि तोंड!

“फ्लॅट कशाला बदलला? कुशन बदलायचं होतं की!”

प्राजक्तानं तो फोटो जवळ ओढून बघितला. मग म्हणाली, “अण्णा, कुशन तर मी नव्या फ्लॅटमध्ये घेऊन आली.”

*

दुसरा किस्सा तिच्याच सासूबाईंचा. प्राजक्तानं देवघरासमोर त्यांचा फोटो काढला. त्यात देवघर स्वच्छ, समई स्वच्छ, आणि सासूबाई आरपार! त्यांच्या पोटातून मागच्या कपाटाची मूठ दिसत होती.

सासूबाई घाबरल्या नाहीत. फोटो शांतपणे बघितला, “बरं” म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून वाटावाटी सुरू केली. पाटल्या प्राजक्ताला, मोहनमाळ लेकीला, पैठणी जावेला.

अण्णांनी कारण लिहिलं: शटर चार सेकंद उघडं, बाई दोन सेकंदांनी उठून गेली.

प्राजक्तानं घरी जाऊन समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि हात पुढे केला, “आण त्या पाटल्या.”

*

कुलकर्णी काका पुण्याहून रिटायर होऊन मुलाकडे हेब्बाळला आलेले. तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढतात. पक्षी उडून गेल्यानंतरची फांदी ही त्यांची खासियत.

एका दुपारी त्यांनी कॅमेरा हॉलमधल्या टेबलावर ठेवला आणि आत पडले. घरात ते आणि काकू. दोघंही बेडरूममध्ये. आणि हॉलमधून आवाज, क्लिक!

मग शांतता. मग पुन्हा क्लिक.

“चोर असेल,” काका म्हणाले.

“चोर फोटो काढतो का?” असं म्हणून काकूंनी रामरक्षा सुरू केली.

रामरक्षा तीनदा झाली. क्लिक थांबेना. शेवटी काका काठी घेऊन बाहेर आले, तर हॉलमध्ये कोणी नाही. कॅमेरा भिंतीकडे तोंड करून एकटाच फोटो काढत बसलेला. शंभराहून जास्त फोटो, सगळे त्याच भिंतीचे!

क्लासमध्ये कोणालाच कारण ओळखता येईना. अण्णांनी फक्त विचारलं, “भिंतीवर काय हाय?”

“काही नाही हो. कॅलेंडर. दातांच्या डॉक्टरांनी दिलेलं.”

कॅलेंडरवर एक बाई होती. बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसणारी!

काकांच्या कॅमेऱ्यात ‘स्माइल’ नावाचा मोड चुकून सुरू झाला होता. अण्णांनी आम्हाला तो नीट समजावला. “ह्यात बटण दाबायचं न्हाई. कॅमेरा वाट बघत ऱ्हातो. समोरचं माणूस हसलं की आपोआप क्लिक. हसलं न्हाई तर दिवसभर बसा, फोटो न्हाई.” पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडरचं पान उडायचं, बाई झाकली जायची. पान खाली आलं की बाई पुन्हा हसायची. क्लिक.

काकूंनी त्या दिवसापासून कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलंय. एकादशी कधी आहे ते आता त्यांना शेजारच्या गौडाबाईंना विचारावं लागतं.

*

दसऱ्याच्या आयुधपूजेनंतरचे दोन आठवडे अण्णांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. इथं त्या दिवशी बस, रिक्षा, लॅपटॉप, मिक्सर, सगळ्याला हळद-कुंकू लागतं. आणि कॅमेऱ्याला लोक नेमकं भिंगाच्या कडेला लावतात, कारण तो त्याचा चेहरा! मग कुंकू आत उतरतं.

एका स्टुडिओवाल्यानं बारशाचे फोटो आणले होते. प्रत्येक फोटोत एकाच जागी लाल धूसर डाग. आत्याच्या कपाळावर, बाळाच्या गळ्यावर, आजोबांच्या डोळ्यात. एकापाठोपाठ एक बघताना असं वाटायचं, की तो डाग त्या घरात माणसांमधून चालतोय.

अण्णांनी भिंगाची कड कापसानं पुसली. कापूस लाल झाला. “सरी, झालं. भूत निघालं,” म्हणाले आणि वही ओढली.

त्याच आठवड्यात मी धीर करून माझा नंबर लावला. सगळ्यांसमोर सांगितलं, की भिंग अर्धं बाहेर येतं आणि करकरून थांबतं. सासूबाईंचा आहे. त्यांचा एकही फोटो नाही. मेमरी कार्डात आठशेवर फोटो आहेत, ते मी लॅपटॉपवर दोनदा बघितले. सौरभ, तळं, फुलं, इडल्या. त्या कुठेच नाहीत.

माझ्याकडून इतकं लांब भाषण ऐकून प्राजक्तानं स्टूल जवळ ओढलं.

अण्णांनी भिंगाची कडी सोडवली. खाली कागदावर लाल-पिवळी भुकटी पडली.

“शेवटच्या आयुधपूजेला त्यांनीच लावलंय बगा.”

कागदावर कुंकू चिमूटभरच होतं. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. टाकून देता येईना.

*

भिंग सुटलं, कॅमेरा सुरू झाला. तारीख विचारू लागला. अण्णा म्हणाले, “तारीख विसरलाय. बाकी काय विसरला न्हाई.”

मग त्यांनी कार्ड बाहेर काढलं आणि कॅमेरा तसाच पुन्हा चालू केला. “कार्ड नसलं की हा पोटात ठेवतो. थोडेच मावतात. लोकांना म्हाईतच नसतंय.”

पोटात नऊ फोटो होते.

पहिल्यात आमच्या बाल्कनीच्या दारातली वेताची खुर्ची. रिकामी. दुसऱ्यात तीच खुर्ची, रिकामी. तिसऱ्यात कडेला साडीचा काठ. चौथ्यात खुर्चीच्या पाठीवर एक हात, बाकी काही नाही. पाचव्यात पाठ. प्रत्येक फोटोत कोणीतरी त्या खुर्चीच्या थोडं जवळ येत होतं. नवव्यात माणूस खुर्चीवर टेकलं होतं, पण हललेलं. चेहऱ्याच्या जागी नुसता एक उजेडाचा फराटा.

कुलकर्णी काकांनी चष्मा काढून पुसला.

“टायमर,” अण्णा हळूच म्हणाले. “धा सेकंद. लावायचा आणि पळायचं. पाय दुखत होता का त्यांचा?”

“गुडघा,” मी म्हणाले.

“म्हणून मग त्यांनी हे लावलं,” अण्णांनी मोड दाखवला. स्क्रीनच्या कोपऱ्यात हसरा गोल चेहरा होता. “पळायला नको. निवांत खुर्चीत बसायचं, हसायचं, फोटो. पण ह्यातला एकबी फोटो न्हाई. हसल्या न्हाईत.” त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. “तवापासनं तो वाट बघत थांबलाच हाय.”

*

रविवारी सकाळी मी ते नऊ फोटो सौरभला दाखवले. मला भीती वाटत होती, की तो उठून जाईल. गेला नाही. चौथ्या फोटोतल्या हाताशी बराच वेळ थांबला.

“पुढचा एक दात पडला होता तिचा,” तो म्हणाला. “त्यानंतर कॅमेऱ्यासमोर कधीच हसली नाही.”

मग त्यानंच वेताची खुर्ची बाल्कनीच्या दारात नेऊन ठेवली. कॅमेरा चपलांच्या कपाटावर ठेवला. आधी थोडा उजवीकडे, मग परत डावीकडे, फोटोत होती तशी चौकट जुळेपर्यंत.

“आपण काढू एक.”

मी मोड बदलायला गेले. तो म्हणाला, “राहू दे तोच.”

“हसावं लागेल.”

“मग आपला फोटो निघतच नाही!”

खुर्चीवर कोण बसणार? दोघांनाही बसवेना. तो एका बाजूला तिपाईवर बसला, मी दुसऱ्या बाजूला स्टुलावर. खुर्ची मधे.

“हस ना,” मी म्हणाले.

“तू हस.”

कोणीच हसलं नाही. आमच्याकडे तसंही कुकर जास्त बोलतो. खाली रिंग रोडवरच्या हॉर्नचा कल्लोळ नेहमीचाच होता, पण घरात मला कॅमेऱ्याची बारीक घरघर ऐकू येत होती. सौरभ भिंगाकडे बघत होता, जसं लहान मुलं शाळेच्या फाटकाकडे बघतात. मिनिटभर गेलं असेल.

क्लिक!

“हसलास?” मी विचारलं.

“मला वाटलं तू हसलीस.”

आम्ही दोघं उठून स्क्रीनवर वाकलो. फोटोत मी गंभीर, तो गंभीर. पासपोर्ट ऑफिसात बसल्यासारखे. मधे खुर्ची.

पुढच्या शनिवारी मी नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर सांगितलं.

“कॅलेंडर?” कुलकर्णी काका.

“त्या भिंतीवर काहीच नाही.”

“टीव्ही?”

“बंद होता.”

“तुम्ही दोघं?” अण्णा म्हणाले. मी फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा केला, आमचे चेहरे बघितले, खुर्ची बघितली, पुन्हा आमचे चेहरे. वहीत ‘काय झालं’ खाली दोन ओळी लिहिल्या. मग पेनाला टोपण लावलं आणि सगळ्यांसाठी कॉफी मागवली.

सौरभनं तो फोटो छापून आणला. आधार कार्डाचा काढून त्या खिळ्यावर हा लावला. सकाळी ऑफिसला निघताना आता तो तिथं क्षणभर थांबतो, मग बूट घालतो.

परवा प्राजक्ता घरी आली होती. “किती छान आलाय गं,” म्हणत तिनं त्या फोटोचा फोटो काढायला मोबाइल वर धरला, आणि तशीच उभी राहिली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. स्क्रीनवर तीन चौकोन होते.

तिनं मोबाइल हळूच खाली घेतला. वळून बाल्कनीच्या दारातल्या वेताच्या खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“मीनल,” ती म्हणाली, “तुझ्याकडं कुशन तर नाही ना गं?”