वैशालीचे आकडे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

चकलांब्याजवळच्या एका शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवायचो. ओहमचा नियम म्हणजे माझ्या हातचा मळ. व्होल्टेजला करंटनं भागा, रोध मिळतो. दोघांचा गुणाकार करा, शक्ती मिळते. व्होल्टेज कितीही वाढवा, रोध तेवढाच. वर्षानुवर्षं मी हे फळ्यावर लिहिलं. स्वतः मोजून किती वेळा पाहिलं होतं? — विचाराल तर, फारसं नाही.

एका वर्षी प्रयोगाची तार तुटली, म्हणून मी ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा बल्ब आणून दिला. वैशाली म्हणून एक मुलगी होती. हळू बोलणारी, पण चिवट. तिनं दोन व्होल्टपासून बारापर्यंत एकेक आकडा घेतला आणि वही घेऊन माझ्यापाशी आली.

"सर, बारा व्होल्टला एकवीस वॅट बरोबर येतेत, बल्बवर बी तेच लिवलंय. पण रोध दोन व्होल्टला तीन येतो अन् बाराला सात. कावून?"

कावून? मला ठाऊक नव्हतं. "माहीत नाही, बघू या" — एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण अख्खा वर्ग बघत होता. मी म्हणालो, आकडे मनानं लिहिलेस. ती म्हणाली, "न्हाई सर, परत मोजून दावते." मी ते पान टर्रकन फाडलं. नियमाप्रमाणे मी फळ्यावर मांडलेले आकडे उतरवून घे म्हणालो. वर्ग हसला — मी हसू दिलं.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत एकटाच थांबलो. तिला खोटं पाडायला? की ते "कावून" मलाही डाचत होतं? दोन व्होल्टला बल्ब नुसता लालसर — रोध तीन. मीटर बदलला — तीनच. बाराला बल्ब लख्ख पेटला, काचेचा बोटाला चटका बसला — आणि सात. थंड होऊ दिला, दोन व्होल्टला पुन्हा मोजलं. तीन. तेव्हा उमगलं: आतली तार तापते तसा तिचा रोध वाढतो. 'तापमान तेच राहिल्यास' — अट पुस्तकात छापलेलीच होती. दरवर्षी मीच ती वाचून दाखवायचो! खरं सांगू? इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगायचं ठरवलं. हजेरी घेतली. तिचं नाव आलं, ती "हजर" म्हणाली — मी पुढचं नाव घेतलं.

पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात तोच प्रयोग मी दाखवला — माझा म्हणून. टाळ्या पडल्या. वैशालीनं मात्र वर्षभरात पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. दहावीनंतर विज्ञानही घेतलं नाही.

परवा चतुर्थीला लिंबागणेशच्या देवळात ती भेटली. सोबत दहावीतली लेक. वैशाली पाया पडली आणि हसून म्हणाली, "सर, मला मीटर बघता येत नव्हतं, अन् वाद तुमच्याशी घातला. हिला बी सांगत असते — सरांम्होरं लई शानपणा करायचा न्हाई."

लेक माझ्याकडे बघत होती. रांग हळूहळू सरकत होती. बोलायला भरपूर वेळ होता.

"असू दे," मी म्हणालो. "लहान होतीस तू."

मी तिला माफ केलं.