तारेवरचं बिल

मिक्सर बंद पडला. वॉरंटी होती, पण भिंतीवरच्या तारेला मी स्वतः टोचलेलं त्याचं बिल गायब! विजेची, पाण्याची बिलं मात्र जागेवर. बायको म्हणाली, “जाऊ द्या, नवाच घेऊ.” झालं, माझा संशय पक्का झाला. मी गुपचूप तिच्यावर पाळत ठेवली. बिल सापडलं देवघरात, गणपतीच्या पाटाखाली.

“अहो, बिलावर गणपती छापलाय. तुम्ही नेमकी त्याच्या पोटातून तार घातली. मग मी काढून ठेवलं.”

“सांगायचं ना!”

“विचारलंत कुठं? नुसते डोळे वटारून फिरताय.”

बिल घेऊन मी शनवार पेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदारानं ते उजेडात धरलं. तारखेवर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

“भाईसाब, तारीख का लपवली?” तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला.