चांगुनाबाय आणि नाचरी परात

एका वर्षी चांगुनाबाय चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली, देवळात तीर्थ घ्यावं तशी. रोज तिच्यासमोर बसून मी चहा प्यायची आणि मनात म्हणायची, बाईची चहावर भक्ती वाढली हो! आमच्या कारखान्यात मालाची तपासणी माझ्याकडे होती. पितळेवरची केसाएवढी चीर मला लांबून दिसायची. समोर बसलेलं माणूस तेवढं दिसायचं नाही.

कारखाना म्हणजे रेवसच्या रस्त्यावरची एक पत्र्याची शेड. गॅसच्या शेगडीला लागणारे करंगळीच्या पेराएवढे पितळी तुकडे तिथे बनत. त्या प्रत्येकावर त्या दिवसाचा नंबर ठोकायचा, म्हणजे पुढे एखादा गळका निघाला तर तो कुठल्या दिवशीचा ते कळतं. चार बायका ओळीने बसून हातोडी आणि पंच, म्हणजे आकड्याचा लोखंडी ठसा, घेऊन नंबर ठोकत. त्यांची म्होरकी चांगुनाबाय. मिठागरावर वाढलेली, काळीसावळी, कपाळावर गोंदण. ठोकण्याला ती गोंदणंच म्हणायची. तिचं बोलणंही हातोडीच्या ठेक्यावर चालायचं. "काल (ठक्) सून म्हनली (ठक्) आई तुमी (ठक्) जास्ती बोलता!" कोणी नंबर तिरका ठोकला की तिचा जीव वरखाली. "वाकडं नको गोंदू गो! जल्मभर अंगावर मिरवंल ते."

मग एका सोमवारी शेठनी मशीन आणलं. एक मोठी स्टीलची वाटी. बटण दाबलं की थरथरायची, आणि तळातले तुकडे आपोआप एकामागे एक कडेची चढण चढायला लागायचे. वर एक बारीकशी पट्टी होती. उलटा आलेला तुकडा ती पुन्हा वाटीत ढकलायची. सुलटा पुढे सरकायचा आणि एक सुई टकटक करत त्याच्यावर नंबर टोचायची. बायकांनी त्याच दिवशी वाटीचं नाव 'नाचरी परात' ठेवलं. मशीन शनिवारपर्यंत बोलीवर होतं. नीट चाललं तर शेठ ठेवून घेणार, नाहीतर मशीनवाला परत नेणार.

मी तेव्हा अवघी एकोणपन्नास वर्षांची. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. मशीन पाहिलं आणि माझ्या अंगात एकदम झाशीची राणी संचारली. ही परात चौघींच्या पोटावर पाय देणार! आणि त्यांना वाचवणार कोण? मी! बुधवारी सकाळी कोणी यायच्या आत मी त्या पट्टीचा स्क्रू पिळून ठेवला. झालं, उलटे तुकडेही बिनबोभाट पुढे जायला लागले. सुई भलतीकडे टोचायला लागली. मशीनवाल्याचा फिटर घामाघूम. त्याने मोटर उघडली, वायरी बदलल्या, पट्टीकडे काही बघितलं नाही. मी त्याला चहा नेऊन देत होते, वर "अरेरे" म्हणत होते. आयुष्यात नाटकात काम केलं नव्हतं, ती हौस भागवून घेतली. गुरुवारी संध्याकाळी त्याने हात टेकले. "शनिवारी टेम्पो घेऊन येतो. शेठना दाखवतो आणि उचलतो," म्हणाला आणि गेला.

शुक्रवारी सकाळी मी चांगुनाबायला कोपऱ्यात घेतलं आणि विजयी मुद्रेने कानात सांगितलं, "घाबरू नकोस. उद्या जातंय मशीन. स्क्रू मीच पिळलाय."

मला वाटलं, गळ्यात पडेल. तिने हातोडी खाली ठेवली.

"मना इचारलंस?"

"अगं, तुमच्यासाठीच तर..."

"मॅडम, मना इचारलंस काय?"

एरवी ती मला 'बाय' म्हणायची. 'मॅडम' आज पहिल्यांदाच. तिने उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. मूठ वळायला गेली, बोटं अर्ध्यावरच थांबली.

"वरीस झालं, मिटत न्हायत. घरी तवा सून उचलते. डागदर बोलला, हातोडी सोड, न्हाय तं हात जाईल. मी त्या परातीची वाट बघतंय, आन् तू तिचा स्क्रू पिलतंस!"

"मग सांगायचंस ना."

"कोनाला? सांगितलं असतं तं घरी बसवलं असतं तुमी. छप्पन वर्सांची हाय मी, मेली न्हाय. मना काम पायजे."

दोन हातांतला तो कप मला तेव्हा दिसला.

"सरल कर आता," ती म्हणाली.

मी ऐटीत स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पट्टीसमोर जाऊन उभी राहिले. उभीच राहिले.

"किती फिरवलास?"

"थोडा."

"थोडा म्हंजे?"

"...बराच."

तुकड्यावर खूण नाही म्हणून टोपलीच्या टोपल्या परत पाठवणारी बाई मी. स्क्रू पिळण्याआधी त्याच्याजवळ एक खडूची रेघ ओढायचं मला सुचलं नव्हतं! चांगुनाबाय माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली की बाकीच्या तिघी पंच टाकून बघायला आल्या. माझा पराक्रम सगळ्यांना कळला.

त्या दिवशी आम्ही पाचजणींनी दुसरं काही केलं नाही. शेठ मुंबईला होते, तेवढं नशीब. मी स्क्रू पाव फेरा फिरवायचा, चांगुनाबायने बघायचं, तिसरीने भिंतीवर रेघ मारायची. दुपारपर्यंत भिंत भरली, तुकडे काही ऐकेनात. मग तिनेच मला हाताने थांबवलं. "परातीत गर्दी केवढी! एकमेकाच्या डोस्क्यावर चढून कोन वर जाईल? अर्धे काढ." अर्धे काढले. उरलेले शहाण्यासारखे ओळीत लागले. आता पट्टीचं खरंखोटं दिसायला लागलं. एखादा उलटा घसरून वाटीत पडला की चांगुनाबाय त्याला समजवायची, "पडलास तं पडलास. ये फिरून." चारच्या सुमाराला शंभर तुकडे सलग सुलटे गेले. तिने स्वतः खडू घेतला आणि स्क्रूजवळ रेघ ओढली. माझ्याकडे बघत, अगदी सावकाश.

शनिवारी दारात टेम्पो उभा होता. शेठनी बटण दाबलं. सुई टकटक चालली, नंबर सरळ उमटत गेले. फिटर डोळे चोळायला लागला. दहा मिनिटं झाली आणि वाटेत एक तुकडा आडवा अडकला. मागे रांग तुंबली. फिटर सवयीने मोटरकडे धावला. चांगुनाबायने मशीन बंद केलं, अंबाड्यातला आकडा काढला, डाव्या हाताने तुकडा अलगद उचकटला आणि बटण दाबलं. परात पुन्हा नाचायला लागली.

शेठनी फिटरला विचारलं, "हे चालवायला माणूस तयार करायचं तर किती दिवस?"

"तयार हाय की," चांगुनाबाय म्हणाली. "सोमवारपासून बसतंय."

शेठ माझ्याकडे वळले. "बाईंना झेपेल का हो? तुमचं काय मत?"

माझ्या तोंडात चांगलं लांबलचक भाषण तयार होतं. मी ते गिळलं. "शेठ, त्यांनाच विचारा," म्हटलं.

टेम्पो रिकामा गेला. चौघींपैकी कोणीही घरी गेलं नाही. नंबर भराभर पडायला लागल्यावर पॅकिंगला हात कमी पडायला लागले. दोघी तिकडे गेल्या. तिसरीला चांगुनाबायने हाताखाली घेतलं. दुसऱ्या पावसाळ्यात एकदा ती आल्या आल्या मला म्हणाली, "आज तवा मी उचलला," आणि कामाला लागली.

माझं गुपित तिने शेठना कधी सांगितलं नाही. फुकट मात्र सोडलं नाही. मी न विचारता कोणाला सल्ला द्यायला लागले की ती लांबूनच दोन बोटांनी हवेत स्क्रू पिळून दाखवायची. मी लगेच तुकडे तपासायला लागायची.

सात वर्षं ती त्या मशीनवर बसली आणि आपल्या मर्जीने उठली. शेवटच्या दिवशी पेढे वाटले, पदर खोचला आणि दाराकडे निघाली. परात थरथरतच होती.

"अगं, बंद तरी करून जा," मी म्हटलं.

"कनाला बंद करायची? चांगली चाललीय." हाताखाली शिकलेल्या तिसरीकडे हात करून म्हणाली, "ती येतंय ना हात धुवून."

आणि गेली. मी मशीनपाशी एकटी उरले. तुकडे चढत होते. एक उलटा निघाला, पट्टीला लागून खाली पडला आणि पुन्हा रांगेत शिरला. पट्टी जराशी सैल झाल्यासारखी वाटत होती मला. ती तिसरी येऊन बसेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.