एकाच कॅसेटीवर दोघं

बायको गेली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. मुंबईच्या मुलाने घरात कॉम्प्युटर आणून ठेवलेला. एक दिवस सून म्हणाली, "बाबा, माळ्यावरच्या कॅसेटींना बुरशी धरलीय. कॉम्प्युटरात भरून घेऊया. आईंचा आवाज असेल ना त्यात?"

म्हटलं, "नसणार. सगळा माझाच असणार. फेकून दे."

असं का म्हटलं ते सांगतो. मी मस्कतला फिटर होतो. चौथीत शाळा सोडलेली, आणि बायकोने शाळा बघितली ती बाहेरून. पत्र धाडलं तर तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागायचं. नवराबायकोतलं तिसऱ्याने वाचायचं, मग त्यात लिहायचं काय, डोंबल? म्हणून आमच्याकडचे बरेच जण करायचे तसं आम्हीही कॅसेट भरायचो. सुट्टीवर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती द्यायची. ती बोलून पाठवायची, मी ऐकायचो, आणि त्याच कॅसेटीवर सुरुवातीपासून माझं उत्तर भरून परत पाठवायचो. पाटी पुसून लिहावं तसं. कॅसेटीच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मोडली की आतलं पुसलं जात नाही हे ठाऊक होतं. पण मोडली तर उत्तर भरायचं कशावर? मी कायमचा घरी आलो तेव्हा प्रत्येक कॅसेटीवर शेवटचा बोललेला मीच होतो.

सून ऐकेना. तिने टेपरेकॉर्डर पुसला, त्याची एक वायर कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसली, आणि म्हणाली, "कॅसेट जेवढी वाजेल तेवढा वेळ बसायला लागेल हां." मी उठलो, पंखा बंद केला, गॅसवरचा कुकर उतरवला, कुत्र्याला हाकललं आणि तोंड गच्च मिटून बसलो. तिने कॅसेट लावली. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणते, "बाबा, श्वास तरी घ्या! आवाज वायरीतून जातो. खोलीतलं त्यात काही जात नाही."

"मग आधी सांगायला काय झालं होतं? भिजलो मी घामाने."

तोवर माझा तरुणपणचा आवाज सुरू झाला. "हां. मी बरा आहे. ऊन फार. पोरांना मारू नको. पावसाआधी कौलं चाळून घे. ठेवतो."

सुनेला हसू आवरेना. "ठेवतो? फोन होता काय तो? आणि एवढंच? बायकोला पाठवलंत की मुकादमाला?"

"कामाचं तेवढं बोललो," मी म्हटलं. पुढे नुसती खरखर. सून बंद करायला हात पुढे करते तोच टेपमध्ये टक्क झालं आणि आवाज आला:

"...ताजा सरंगा मिळाला मिरकरवाड्याच्या बंदरावर. तुम्ही नाही म्हणून घशाखाली उतरला नाही असं काही समजू नका. दोन तुकड्या जास्त खाल्ल्या मी."

मी खुर्चीतून उठलोच. तीच! तसंच घाईघाईने, मधे नाक ओढत. सून माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मग डोक्यात उजेड पडला. ती बोलायला बसली की कॅसेटीची अख्खी बाजू भरायची. मी बोलायचो चार वाक्यं. पुसलं गेलं तेवढंच, चार वाक्यांपुरतं. बाकी सगळी बाई जागच्या जागी.

आणि काय बोलत होती! म्हैस शेजारणीच्या परसात शिरली, त्यावरून भांडण, भांडणात कोण काय म्हणालं, दोघींचे आवाज काढून. सून डोळे पुसत होती की हसत होती कळेना. माझंही तेच चाललेलं.

मग ती टेपमध्ये माझ्यावर घसरली. "आणि तुम्ही ओ! एवढ्या लांबून कॅसेट येते, मी दार लावून ऐकायला बसते, आणि तुम्ही सुरू होताय नि संपताय. जीभ काय तिकडे गहाण ठेवलीत? पुढच्या टायमाला अख्खी बाजू भरून पाठवा."

"भरली असती म्हणजे आज बसलो असतो बोंबलत!" मी टेपरेकॉर्डरला मोठ्याने सांगितलं.

सून म्हणाली, "बाबा, सुरुवातीचं तुमचं कापून टाकू? कॉम्प्युटरात कापता येतं."

"काप. मला काय ऐकायचंय माझं?"

तिने जरा विचार केला. "नको, राहू दे. आईंनी कशावरून शिव्या घातल्या ते पोरांना कळलं पाहिजे."

"बरं, ठेव. आता दुसरी लाव," मी म्हटलं, आणि पंखा फुल केला.