पाखराचं आडनाव

ओमानमधल्या बरक्यात हलव्याची कढई ढवळण्यात माझी बरीच वर्षं गेली. शाळा सातवीतच सुटली होती. पण लेक शिकली, आणि आता परदेशात पक्ष्यांवर संशोधन करते, अल्लाचा शुकर.

एका दुपारी तिचा फोन आला. अंगठ्याएवढा एक हमिंगबर्ड आजवर भलत्याच घराण्यात मोजला जात होता. तिने आणि तिच्या मार्गदर्शक बाईंनी त्याचं रक्त, पिसं, चोच सगळं तपासलं.

"अब्बा, तो त्यांच्यातला नाहीच. त्याला नवं आडनाव लागणार. मी सुचवलेलं."

"पाखराला आडनाव?"

"हो. आडनाव आधी, नाव नंतर. शाळेच्या हजेरीत असतं तसं."

तेवढं मला कळलं. तिने ते आडनाव माझ्याकडून घोकून घेतलं. मग म्हणाली, "छापून येईपर्यंत कुणाला बोलू नको. फुटलं आणि दुसऱ्याने आधी छापलं, तर त्याचंच नाव टिकेल. अम्मीला तर नकोच!"

तोंड मी बंद ठेवलं, पण हात राहिले नाहीत. त्याच संध्याकाळी खोलीतल्या सगळ्या गाववाल्यांना हलवा वाटला. "कसला?" "खुशीचा." आमच्या रत्नागिरीकडे मुलीचा बाप कारण न सांगता गोड वाटायला लागला की लोक एकच समजतात.

दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन. "अवो, पोरीचं लगीन ठरवलात नि मलाच पत्ता नाय? अख्खा मोहल्ला मुबारक बोलतोय!"

"लगीन नाय गो. पण काय ते विचारू नको."

"मग लोकांना सांगू काय?"

"सांग, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हटलं की हो समजतात!"

पुढे तर गावाने नवरामुलगाही ठरवला, दुबईतला दातांचा डॉक्टर. अर्बाबने, म्हणजे माझ्या मालकानेही विचारलं. मी मान खाली घालून ढवळत राहिलो. एवढ्याशा पाखरापायी लेकीची बदनामी होतेय, की माझ्या तोंडून तिची मेहनत फुटतेय, दोन्हीची धास्ती.

शेवटी मेसेज आला: 'छापलं. आता बोल.'

कढईत हलवा होता. हात थांबला की तो खाली लागतो. मी जागेवरूनच अर्बाबला ओरडून सांगितलं. तो आला, माझ्या हातातला झारा घेतला नि म्हणाला, "यल्ला, घरी फोन कर."

बायको सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आपल्या पोरीने नाव ठेवलंन?"

"ठेवलंन."

"काय ते? परत सांगा."

मी न अडखळता सांगितलं. ती फोन कानाला तसाच धरून दाराकडे गेली असावी, कारण तिचा आवाज मला लांबून, पण स्पष्ट ऐकू आला: "अगो, लगीन नाय! आमच्या पोरीने पाखराला आडनाव दिलंन! या, सांगते."

मागे अर्बाब घामाघूम होऊन ढवळत होता.