दोनच पेपर राहिले होते

नाना गेले तेव्हा माझी मुलगी इरा हिंदीचा पेपर लिहीत होती. सहावीची पीएसएलई… सिंगापुरात या एका परीक्षेसाठी आईबाप वर्षभर जीव मुठीत धरून बसतात, आणि मी काही वेगळी नव्हे. त्या आठवड्यात इरा मरीन परेडला माझ्या मैत्रिणीकडे, शुभाकडे होती. हॉस्पिटलमधून मी शुभाला फोन लावला आणि म्हणाले, "नाना गेले. इराला कळू देऊ नकोस, उद्या सायन्स आहे." सासरे जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. दोन महिने होत आले, त्या वाक्याची लाज जात नाही.

नाना नौदलात होते, पाणबुडीवर. काम सोनारचं, म्हणजे हेडफोन लावून समुद्र ऐकायचा. गस्तीवर चमचा पडला तरी शत्रूला ऐकू जाईल अशी धास्ती. ती सवय पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्येही सुटली नाही. स्टीलची वाटी ठेवायची तर आधी करंगळी टेकवायची, मग वाटी. आवाज म्हणून नाही! मी भांडी आदळणारी बाई, त्यामुळे आमचं जमायला वेळ लागला. इराशी मात्र पहिल्या दिवसापासून गट्टी.

एकदा चांगीच्या धक्क्याला अमेरिकेची शिकारी अणुपाणबुडी लागली, तिचा फोटो पेपरात आला. नाना इराला समजावत बसले. आमची डिझेलची, हवेसाठी वर यावंच लागायचं. हिच्यात अणुभट्टी, शिधा संपेपर्यंत वर येण्याचं कारण नाही. शत्रूच्या क्षेपणास्त्रवाल्या पाणबुडीमागे ही आठवडेच्या आठवडे गुपचूप राहते, युद्ध पेटलं तर पहिला घाव तिच्यावर. "आणि ही कुठे आहे ते ठाऊक नाही, म्हणून दुसऱ्याचं अख्खं आरमार बिचकून असतं. महासत्तेचा अर्धा दरारा हाच."

"मग फोटो का काढू दिला?" इराने विचारलं.

"एक दाखवायची, म्हणजे न दिसणाऱ्यांची भीती वाटते." मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "यातल्या एखाद्या पोराला धक्क्यावर उतरल्यावर कळलं असेल… आई गेल्याचं."

त्यांचं तसंच झालं होतं. गस्तीवर घरची वाईट बातमी कळवायची नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. बोट काही परत फिरत नाही. आईचं तेरावं उरकल्यावर नानांना धक्क्यावर सांगितलं. "बरोबरच केलं," असं ते नेहमी म्हणायचे. म्हणूनच कॅन्सर शेवटच्या टप्प्यात निघाला तेव्हा त्यांनीच बजावलं, "पेपर संपेपर्यंत इराला सांगायचं नाही." मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या संध्याकाळी माझा नवरा समीर औषधं आणायला खाली गेला होता. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून नाना म्हणाले, "मला सांगायला हवं होतं गं त्यांनी."

"कोणी, नाना?"

"बोटीवर… आईचं. मी काही करू शकलो नसतो. पण सांगायला हवं होतं."

मला कळलं. शंभर टक्के कळलं. टॅक्सीने अर्ध्या तासात इरा आली असती. मी मास्क नीट बसवला आणि म्हणाले, "दोनच पेपर राहिलेत, नाना." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडाईच्या स्मशानात अग्नी दिला तेव्हा इरा सायन्सच्या पेपरात होती. शाळेच्या फाटकाशी मी तिला सांगितलं. ती रडली नाही. "सो एव्हरीबडी न्यू," म्हणाली. "एक्सेप्ट मी." मार्क चांगले पडले, हो. पेढे मात्र कोणी आणले नाहीत.

घरात तिचं बोलणं हो-नाहीपुरतं उरलंय. जेवायला नानांच्या खुर्चीत बसते. आमटी संपली की आधी करंगळी टेकवते, मग वाटी… जराही आवाज होत नाही. मी स्वयंपाकघरात कान लावून उभी असते. आदळ गं बाई, एकदा तरी आदळ.